तिच्या वाटचं चाखणं

३ ऑगस्ट

बेंगळुरूहून मीनाचं खोकं आलं. आत नुसती चिप्सची पाकिटं. सगळी बटाट्याची, पण साध्या मिठाचं एकही नाही. पुदिना, लोणचं, चीज, जपानी मोहरी, समुद्रातलं शेवाळ. शेवाळाचे चिप्स करावेत असं कोणाला सुचलं असेल.

पोरीचं म्हणणं, अम्माला वास नाही, चव नाही, पण कुरकुरीत तर कळतं. तेवढ्यासाठी तरी काही पोटात जाईल.

विजयानं पाकिटं फळीवर ओळीनं लावून ठेवली. उघडलं एकही नाही. तिनं आपले ब्लाऊज मशीनवर स्वतःच आत घेतलेत, मला न सांगता. आज दोरीवर वाळत होते तेव्हा दिसलं.

५ ऑगस्ट

कान-नाक-घशाच्या डॉ.कडे. पुन्हा तेच. फेब्रुवारीतला ताप साधाच होता, पण जाताना वास घेऊन गेला. जिभेला आता खारट, आंबट, गोड, कडू एवढंच कळतं. बाकी आपण जिला चव म्हणतो ती सगळी नाकाची असते म्हणे. हे मला या वयात कळलं.

वास परत येईल का विचारलं. म्हणाले, येईल. मग म्हणाले, काहींना येतो. आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, वर्षभर वाट पाहू.

बसनं परत. जुन्या बसस्टँडवर उतरलो तर सगळे नाकाला पदर, रुमाल लावून चाललेले. तिनं विचारलं, काय झालंय. गटार उपसत होते. तिच्या अगदी पायाशी.

९ ऑगस्ट

एकटी खाणार नाही म्हणाली. एकटीनं खाल्लं की माती चावल्यासारखं होतं. "तुम्ही खा, आणि मला सांगा."

मी. जो भात, वरण, दही, इडली (चटणीशिवाय), बटाटा आणि कॉफी एवढ्यावर जगला तो. लग्नात मी फक्त दहीभात खाल्ला, तेव्हा हिच्या काकांना वाटलं नवरदेव रुसला. इथल्या जुन्या मराठी राजवाड्याच्या बाजूच्या गल्ल्यांत आपल्या मराठी लोकांकडे मुंज असो, बारसं असो, स्वयंपाकाला विजयाच हवी. आणि तिच्या घरात मी. पंगतीसाठी वांगी, कडबोळी, नाना प्रकारची सारं. माझ्यासाठी वेगळ्या छोट्या कढईत बटाटा.

पण बटाटा तो बटाटाच, म्हणून बसलो. बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, संध्याकाळी. पुदिन्याचं फोडलं. एक खाल्ला. तिनंही एक. मग माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, हिरवं लागतं.

"हिरवं ही काय चव झाली?"

खरंच, दुसरा शब्द नव्हता माझ्याकडे.

१२ ऑगस्ट

लोणच्याचं. मी म्हटलं आंबट. तिनं विचारलं, टोकाला की मागं? लगेच की थांबून? घशाशी खवखवतं का? मी सांगत गेलो. म्हणाली, मग हे कैरीचं आंबट नव्हे, आमचूरही नव्हे, डब्यातलं आम्ल टाकलंय नुसतं. पाकिटामागे बारीक अक्षरांत तेच छापलेलं निघालं.

तिनं आज मूठभर खाल्ले. मीनाला फोन करून सांगितलं. मीना आपलं मराठी बोलणं समजते, उत्तर तमिळमध्ये देते. आज तिनं नुसतं "सरी अप्पा", म्हणजे बरं, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. रडत होती असं वाटलं.

१७ ऑगस्ट

जपानी मोहरी. मेंदूत खिळा ठोकल्यासारखं. पाणी, डोळे, सगळं. वि. शांतपणे चावत होती. तिला फक्त थोडं गार वाटलं नाकात. मला बघून हसली. ताप गेल्यानंतर पहिल्यांदा.

चीजचं मी थुंकलो. घामट मोज्याचा वास. ती म्हणाली, असू दे, काही नसण्यापेक्षा मोजा बरा.

२४ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहून काढतो. 

ऑफिसातून लवकर आलो, कालवा खात्याच्या साहेबांची मीटिंग रद्द झाली म्हणून. दार ढकललं आणि गॅसचा वास. पार ओट्यापर्यंत. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच. वि. तिथेच पाटावर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. मांडीत शेंगा, हातात शेंग. मला बघून म्हणाली, आज लवकर आलांत.

बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, तिला ओढत अंगणात आणलं. तिला काहीच कळेना. दंडाला माझी बोटं उठली. मग मी सांगितलं. तिनं एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे. "देवाला दिवा लावायची वेळ झाली होती," म्हणाली. "शेंगा झाल्या की लावणार होते."

एवढंच. मग कितीतरी वेळ विहिरीच्या कठड्याला धरून उभी.

२६ ऑगस्ट

विजेची शेगडी आणली. सिलिंडर बाहेर काढला, शेजाऱ्यांना दिला. वि. स्वयंपाकघरात जात नाही. भात मी लावतो, वरण मी. तिला फरक पडत नाही, मलाही नाही. आम्ही दोघं तेच पांढरं-पिवळं खातो. ती दहा घासांत उठते.

चिप्स आज नाहीत. 

४ सप्टेंबर

मीना दोन दिवस येऊन गेली. बेंगळुरूला चला म्हणाली. वि. नको म्हणाली. तिथे तरी काय वेगळं नाक मिळणार आहे, असं म्हणाली. मीनानं पुन्हा चिप्स आणलेत, कोणी परदेशातून आलेल्यानं दिलेले. कुठली लिपी कळत नाही. चित्रावर एक सुरकुतलेलं फळ.

ती गेल्यावर संध्याकाळी वि. स्वतःच ओट्यावर येऊन बसली. पाकीट हातात.

मी आता जरा सावकाश खातो. म्हटलं, आधी खारट, खूप. मग आंबट, पण सरळ नाही, वाकडं जाणारं. शेवटी कडू. आणि एक... सालीसारखं काहीतरी, उन्हात पडलेल्या सालीसारखं.

ती उठली. आत गेली. कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात गेली. बरणी घेऊन आली, वाळवलेलं नारत्तंगाय, ते मोठं जाड सालीचं लिंबू, मिठात मुरवून उन्हात सुकवतात ते. दरवर्षी घालते. मी आजवर त्या बरणीच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नव्हतो. तिनं तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. "असं?"

अगदी तसंच. त्याहून खोल.

तिचा चेहरा उजळला. मी सांगितलं ते नुसत्या शब्दांवरून ओळखलं होतं तिनं. मग तिनं स्वतः एक तुकडा घेतला. डोळे मिटून बराच वेळ चघळला. मी वाट बघत होतो. का कोण जाणे, मला वाटलं आज चव येईल.

"खारट आहे. आंबट आहे. कडू आहे," ती म्हणाली. "तीन आहेत. चौथं नाही. चौथ्यालाच नारत्तंगाय म्हणतात."

बरणीचं झाकण घट्ट लावून आत ठेवून आली.

११ सप्टेंबर

रोज एक पाकीट चाललंय. मी सांगतो, ती ओळखते. बरोबर ओळखते. पण काल म्हणाली, "तुम्ही सांगता ते कळतं. येत नाही."  गावाचं नाव ऐकलं म्हणजे गावाला गेल्यासारखं थोडंच होतं.

२१ सप्टेंबर

परवा आईचं श्राद्ध. मी म्हटलं बाहेरून स्वयंपाकी बोलावू. नाही म्हणाली. सासूबाईंचं इतकी वर्षं मीच केलंय. हात विसरलेला नाही.

मला भीती वाटते. श्राद्धाचं, नैवेद्याचं आधी कोणी चाखायचं नाही. आजवर तिला त्याची अडचण नव्हती, पातेल्यावर वाकली की वाफेवरून मीठ कमी का जास्त सांगायची. बायका मुद्दाम बघायला यायच्या. आता वाफ नुसती गरम. आणि तिच्या वाटचं चाखणारा मी, मलाच बंदी.

२३ सप्टेंबर

झालं.

सगळं मापानं केलं तिनं. चमचे मोजून, भांडी मोजून. पहाटेपासून ओलेत्यानं उभी. मी आजूबाजूला घुटमळत होतो तर बाहेर घालवलं.

वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, आणि दुसरे एक ब्राह्मण जेवायला बसले. सारात मिरी दोनदा पडली असावी. एकदा घातली ते तिला आठवलं नाही, आणि वासावरून कळायला... वाध्यारांना ठसका लागला. पाणी प्यायले. सज्जन माणूस, काही बोलले नाहीत. दुसऱ्यानं सार द्रोणात तसंच ठेवलं. ती वाढायला वाकली तेव्हा तिनं तो द्रोण बघितला. मी तिला बघताना बघितलं.

तृप्त झालांत का, असं विचारायचं असतं. मी विचारलं. झालो, म्हणाले. त्यांनी म्हणायचंच असतं.

नंतर ती उरलेलं सार परसात ओतत होती. मी जाऊन उभा राहिलो. म्हणाली, सासूबाई उपाशी गेल्या.

२४ सप्टेंबर

उठली नाही.

२९ सप्टेंबर

पुढच्या मुंजीचं बोलावणं होतं, तिनं नाही सांगून टाकलं. कारण पाठदुखीचं सांगितलं. त्या घरच्या बाई फोनवर लगेच बरं बरं म्हणाल्या. फार लगेच. वाध्यार काही बोलले नसतील, पण गल्ली लहान आहे.

८ ऑक्टोबर

चिप्स उघडतो आम्ही. सवयीनं. ती एक खाते, हातात धरून बसते. मी काय लागतं ते सांगतो. पूर्वी उलटून विचारायची, आता हं म्हणते. काल शेवाळाचं फोडलं शेवटी. मी तयारीनं बसलो होतो, थुंकायला कागद घेऊन. वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर चांगलं होतं. खारं, आणि आत कुठेतरी गोडसर, पाण्याजवळचं.

तिला म्हटलं, बेकार आहे. का खोटं बोललो माहीत नाही.

१९ ऑक्टोबर

आज ऑफिसातून येऊन भात कालवला. ती पडली होती. फळीवरची बरणी काढली आणि नारत्तंगायचा तुकडा पानात घेतला. गेले काही दिवस असाच घेतोय. दहीभाताबरोबर ते असं काही लागतं की मी दोनदा भात घेतला. उभ्यानंच खात होतो.

वळलो तर ती दारात.

"आवडलं?"

हो म्हटलं. 

ती तिथेच उभी राहिली. चिडली नव्हती. आवाजही साधाच. "माझ्या हातचं खायला तुम्हाला माझं नाक जावं लागलं."

ताट धुतलं. बरणी फळीवर ठेवली, पण मागे, डब्यांच्या आड. मग वाटलं लपवतोय असं दिसेल म्हणून पुढे आणली. मग पुन्हा मागे.

१२ नोव्हेंबर

दिवाळी. मीना आली. बाहेरून मिठाई. पहाटेची तेलं, फटाके, सगळ्या गल्लीत दारूचा धूर. वि. नवी साडी नेसून ओट्यावर बसली आणि सगळ्यांना हसून दाखवलं. आलेल्यांना वाटलं बरी झाली.

२० नोव्हेंबर

सकाळी कॉफी गाळत होतो. वि. आतून आली, नाकावर पदर. म्हणाली, काय कुजलंय?

माझ्या हातातलं भांडं स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटलं. मी म्हटलं, काय म्हणालीस. तिलाही तेव्हाच उमगलं.  वास. तिला वास आला.

मग मी वेड्यासारखं एकेक तिच्या नाकाशी नेलं. कापूर, काही नाही. लिंबू, काही नाही. कॉफीचा डबा उघडला आणि ती मोरीकडे धावली. ओकली.

कॉफी. तीच एक तिला रोज हवी होती. वास आला की पहिला कॉफीचा येऊ दे, असं मीनाला म्हणाली होती.

मीनाला अजून कळवलं नाही. 

२२ नोव्हेंबर

डॉ. म्हणाले हे होतं. नस वाढताना वेडीवाकडी जोडली जाते, मग कशाचं तरी कशाला तरी लागतं. चांगलं लक्षण असू शकतं. तसंच राहूही शकतं. किती दिवस, विचारलं. दोन्ही हात उघडे केले त्यांनी.

वि. नं बाहेर आल्यावर विचारलं, "चांगलं लक्षण म्हणाले ना?" मी हो म्हटलं. पुढचंही तिनं ऐकलं होतंच.

२८ नोव्हेंबर

कॉफी, कांदा, फोडणी, भाजलेलं काहीही, तळलेलं काहीही. सगळं मेलेल्या उंदरासारखं. चिप्सचं पाकीट मी परसात जाऊन फोडलं तरी तिला कळलं. म्हणजे तेही संपलं. उरलेली पाकिटं ऑफिसात नेऊन वाटून टाकली. लोकांनी चवीनं खाल्ली.

मी घरी कॉफी सोडली. तिच्यासाठी गार भात आणि ताक. मीही तेच. शेजारच्या घरी दुपारी तळण असलं की ती देवघराचं दार लावून आत बसते.

आज म्हणाली, "तेव्हा बरं होतं. तेव्हा काहीच नव्हतं."

३ डिसेंबर

लिहावं की नाही. ही देवनागरी घरात माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, म्हणून लिहितो.

ती माझ्यापासून लांब बसते. आधी लक्षात आलं नाही. काल ओट्यावर मी शेजारी बसलो तशी सरकली. पुन्हा बसलो, पुन्हा सरकली. साबण बदलून बघितला. तेल बंद केलं. आज सरळ विचारलं, माझा येतो का. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, तुमचा नव्हे हो, माझ्या नाकाचा दोष.

म्हणजे येतो.

९ डिसेंबर

कमलाक्का, तिची थोरली बहीण, पापनाशमहून आली आणि तिला घेऊन गेली. तिथे स्वयंपाकघर परसापलीकडे वेगळं आहे, पुढचं घर मोकळं, शेताकडे तोंड. तिथे बरं वाटेल म्हणाली. वि. नं दोन पातळं पिशवीत घातली. किती दिवस, मी विचारलं नाही.

दार लावल्यावर कॉफी करून प्यालो. प्यायल्यावर लाज वाटली. तरी पेला धुवायच्या आधी वास घेतला.

१४ डिसेंबर

मीनाचा फोन. नवं खोकं पाठवू का म्हणाली, आता दुसरं काही, साधं, भाजलेलं नसलेलं. मी म्हटलं थांब जरा. अप्पा, तुम्ही जेवता का, तिनं विचारलं. आपल्या भाषेत विचारलं, मोडकंतोडकं. 

२४ डिसेंबर

रविवार. सकाळच्या गाडीनं पापनाशमला गेलो. मार्गळीचे, म्हणजे मार्गशीर्षाचे दिवस, दारोदार रांगोळ्या. जाताना नवा धुतलेला सदरा, तेल नाही, पावडर नाही, कॉफीही नाही.

वि. पुढच्या ओट्यावर बसली होती. समोर शेतात पाणी, साळ गुडघ्याएवढी. जरा भरलीय असं वाटलं चेहऱ्यानं. किंवा मला तसं बघायचं होतं. इथे बरंय म्हणाली, इकडून वारा येतो आणि त्यात काही नसतं. कमलाक्कानं मला आत जेवायला वाढलं. वि. बाहेरच. मी रसम घेतलं, भोपळ्याची भाजीही घेतली. कमलाक्का बघत राहिली. मी कधी घेत नाही हे तिला माहीत आहे.

निघताना विचारलं, पोंगलला येशील ना.

"पोंगलला घरोघर तूप, गूळ, भाजलेली डाळ," ती म्हणाली. "बघू."

मी बरं म्हटलं. रिक्षा फाटकाशी येऊन उभी होती. मी पायरी उतरलो तेव्हा तिनं थांबा म्हटलं. माझ्या खांद्यावर दोरा चिकटला होता, नव्या सदऱ्याचा. ती उतरली, अगदी जवळ आली, दोरा काढला, मग कॉलर सरळ केली, पुढची गुंडी नीट बसवली. सावकाश, नेहमीसारखं.

तेवढा वेळ तिनं श्वास घेतला नव्हता. तिच्या गळ्याची शीर दिसत होती.

मग मागे सरून तोंड शेताकडे केलं आणि खोल श्वास घेतला. मी रिक्षात बसलो. वळून हात केला तर तिनंही केला.